पट्टा काढा, मग टेका

होणाऱ्या व्याह्याला भर अंगणात कमरेचा पट्टा काढायला लावणारा एकच माणूस यवतमाळ जिल्ह्यात जन्माला आला, आणि तो आमच्या वाट्याला आला: माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. भाऊजींचं लोहाऱ्याला गाड्यांना मशीनने पॉलिश करायचं दुकान. गाडीच्या रंगावर काचेसारखा एक पातळ थर असतो, क्लिअर कोट. तो वाचवायलाच आपण जन्मलो अशी त्यांची खात्री. आमच्याकडे गाडी पुसायला मूठभर कापूस घ्यायची सगळ्यांचीच सवय, घरोघरी तो पडलेलाच. पण भाऊजींना दिसलं की भर रस्त्यात ओरडायचे, "अबे, सरकीचं टरफल घासून राह्यला तू! आपलं थोबाड पूस त्यानं आधी!" दसऱ्याला कुणाला बोनेटवर स्वस्तिक काढू देत नसत. "देव काचेवर बी बसते," म्हणायचे. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, बी.कॉम.; पण त्यांच्या गाडीजवळ जाताना घड्याळ, अंगठी, पट्टा मलाही उतरवावा लागे. "डिग्री राहू दे अंगावर. तिनं चरा नाही पडत."

कापसाचे भाव पडलेली ती वर्षं. लोक लग्नं पुढे ढकलत होते. भाऊजींनी मात्र ठरवून टाकलं होतं: मांडव लहान चालेल, बँड नको, पण पोरगी सासरी जाईल ती आपल्या चंदेरी गाडीतून, आणि गाडी नव्यासारखी चमकेल. गाडी सेकंडहँड. तिच्यावर मशीन एकदाच फिरवलं, तेही हलक्या हाताने. पुढे वर्षभर नुसती राखण.

पांढरकवड्याहून मुलाचे वडील पोरगी पाहायला आले. चहाची कपबशी घेऊन अंगणात गेले आणि ऐसपैस गाडीला टेकले. भाऊजी धावले. "पाव्हणे, पट्टा काढा, मग टेका!"

ताईने तोंडाला पदर लावला. पाहुणे लालबुंद. मी कुजबुजलो, "भाऊजी, सोयरीक मोडंन ना!"

"सोयरीक दुसरी येते. वरचा थर दुसरा येत नाही."

पाहुण्यांनी हे ऐकलं. कपबशी खाली ठेवली आणि पट्टा काढून माझ्या हातात दिला. "गाडीले एवढं जपते हा माणूस, तं पोरगी कशी जपली असंन," म्हणाले. लग्न ठरलं.

लग्न लागून पोरगी सासरी निघायच्या वेळी बायका ओल्या कुंकवाचं ताट घेऊन आल्या. भाऊजींनी त्यांना काच दाखवली. तेवढ्यात पोरीने ताटात तळवा बुडवला आणि थेट बोनेटवर ठेवला. "बाबा, आता काय करसान?"

भाऊजी म्हणाले, "बस गाडीत. ऊन लागून राह्यलं तुले."

पांढरकवड्यापर्यंतच्या उन्हात कुंकू थरात मुरलं. गाडी अजून भाऊजींच्याच अंगणात आहे. भाऊजी ती धुतात, पॉलिश करतात. त्याआधी त्या पाच बोटांच्या कडेने कागदी पट्टी चिकटवतात. परवा मी म्हणालो, "मशीननं निघंन ना हा डाग?"

"निघते ना. पण थर पातळ होते. तुले नाही समजायचं, तू बी.कॉम. आहेस."

आणि ते ठशातल्या फिकटलेल्या अंगठ्याभोवती हळूहळू फडकं फिरवत राहिले. मी पट्टा न काढताच गाडीला टेकलो होतो. त्यांनी पाहिलं, आणि पहिल्यांदाच पट्ट्याचं नाव न काढता करंगळीकडे वळले.