चिठ्ठीवरचा पाय

आम्हा लष्करी इंजिनियरांना बंगळूरला हलसूरच्या तळ्यात शिडाच्या होडीवर प्रथमोपचार शिकवत. बेळगावकडचा एक नावाडी रोगी व्हायचा. ‘पाय मोडला’ अशी चिठ्ठी गळ्यात अडकवून तो निमूट पडून राही.

परीक्षेच्या दिवशी तो आडवा होण्याआधीच वाऱ्यानं शिडाचा दांडा फिरून त्याच्या डोक्यात बसला. तो कोसळला.

“आज सोंग फक्कड!” सगळे हसले.

कानामागचं रक्त मला दिसलं होतं. पण परीक्षक घड्याळ बघत होते. मी चिठ्ठीप्रमाणे त्याचा धडधाकट पाय फळीला बांधला.

शुद्धीवर येऊन तो म्हणाला, “सरी अण्णा, पाय झ्याक बांधलासा. आता स्वल्प डोस्कं बघतासा?”

मी पहिला आलो. त्याचं नाव मात्र मला ठाऊक नाही. चिठ्ठीवर ते नव्हतं.