न दिसलेला भाला

लहानपणी गोवर आला आणि माझ्या डाव्या डोळ्याची नजर गेली. डोळा दिसायला मात्र धडधाकट राहिला. लग्नाचं वय झालं तसं आत्याने घरात सगळ्यांना बजावलं, की याची वाच्यता करायची नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, गप्प राहिले.

नेमका त्याच सुमारास बंगळूरच्या कंटोन्मेंटमध्ये चित्रं पडद्याबाहेर येतात असा सिनेमा लागला. एका स्थळाकडून निरोप आला, की मुलगी घरी कशाला, सगळे मिळून थेटरातच बघू. मोठी हौशी माणसं! आत्याचं धाबं दणाणलं. एकाच डोळ्याने बघितलं तर त्यात काही बाहेर येत नाही, हे तिला शेजारच्या अक्कांनी सांगितलं होतं. मग तिने युक्ती काढली. ती माझ्या शेजारी बसणार, पडद्यावरून काही आलं की मला चिमटा काढणार आणि मी दचकायचं.

दारात पुठ्ठ्याचे चष्मे मिळाले. एका डोळ्यावर तांबडा कागद, दुसऱ्यावर हिरवा. पडद्यावरून भाला सुटला आणि सारं थेटर किंचाळत खाली वाकलं. मला दिसला एक सपाट, हिरवा भाला, कडा अगदी स्वच्छ. दंडाला चिमटा बसेपर्यंत लोक सरळही झाले होते. मी ताठ बसून राहिले. पुढचा चिमटा चांगलाच जोरात बसला, तरी ताठच. मला संताप आला होता. जो भाला माझ्यापर्यंत आलाच नाही, त्याला मी का म्हणून घाबरायचं? पलीकडे मुलाची आई चष्मा काढून डोळे चोळत होती. सगळं दुहेरी दिसतंय, डोकं चढलं, असं मुलगा पुटपुटला आणि चष्मा लावून पुन्हा इतरांबरोबर ओरडला.

नंतर हॉटेलात कॉफी घेताना मात्र सगळ्यांनी तारीफ सुरू केली. डोकेदुखीचं कुणी नाव काढेना. भाला अंगावर आला तेव्हा भीती नाही का वाटली, असं मुलाच्या आईने मला विचारलं. माझ्या वतीने आत्याच उत्तर देऊ लागली.

"अंगावर आलाच नाही," मी म्हणाले. "मला डाव्या डोळ्याने दिसत नाही. पण चित्र तुमच्यापेक्षा मला स्वच्छ दिसलं."

कॉफीचे पेले अर्धेच राहिले. नकाराचा निरोप यायची गरजच उरली नाही.

वाटेत आत्या रडू लागली. "स्वल्प दचकली असतीस तर काय बिघडलं असतं?" मी म्हटलं, लग्नानंतर रोज कोण चिमटे काढणार होतं? अण्णा पुढे चालत होते, एक शब्द बोलले नाहीत. आत्यापेक्षा मला त्यांचाच राग आला.

पुढच्या स्थळाची माणसं येलहंक्याहून आली. मी स्वयंपाकघरात कॉफी गाळत होते, आत्या दाराआड उभी होती. पाहुण्यांनी चपला काढायच्या आतच बाहेरून अण्णांचा आवाज आला.

"मुलीला डाव्या डोळ्याने दिसत नाही. सरी वाटत असेल, पटत असेल तर आत या, कॉफी तयार आहे."