आबांनी शिवायला घेतलेलं दुपटं

मी तिसरीत होते, तेव्हा आम्ही घनसावंगीला राहायचो. एका सकाळी ड्यूटीवर गेलेले आबा तासाभरातच घरी परत आले. म्हणाले, "पुरात रस्ता वाहून गेला. आठ दिवस गाडी बंद!"

आबा सरकारी मोटारीचे ड्रायव्हर. रोज शहागडची फेरी. निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती, पण आबांच्या तोंडातलं 'जल्दी' आणि 'बिलकुल' काही गेलं नव्हतं.

आईचे दिवस भरत आले होते. पाय सुजलेले… गावातली सुईण गयाबाई बजावून गेली होती की चुलीपुढे बसायचं नाही. पण आई कसली ऐकतेय!

आबांनी तिला सरळ बाजेवर नेऊन बसवलं. "आठ दिवस स्टेरिंग माझ्या हातात. तू बिलकुल उठायचं न्हाई."

पहिल्या दिवशी एकही भाकरी तव्यापर्यंत धड पोचली नाही. मग आबांनी सगळे तुकडे भाजले, चुरले आणि कांदा-मिरची घालून फोडणीला टाकले… मी तीनदा मागून घेतलं.

तिसऱ्या दिवशी त्यांना हुरूप आला. ट्रेनिंगला हैद्राबादला असताना त्यांनी एका हॉटेलात बगाऱ्या वांग्यांचं सालन खाल्लं होतं, तेच करायचं ठरलं. तीळ, शेंगदाणे, खोबरं मी खलबत्त्यात कुटून दिलं. चिंच मात्र आबांच्या हातून दुप्पट पडली.

आईने एक घास खाल्ला, डोळे घट्ट मिटले. "लई आंबट झालंय…" आबांचा चेहरा पडला. तोवर तिने ताटली पुढे केली. "आजून वाढा की!"

बाळासाठी एक दुपटं आईने शिवायला घेतलं होतं, जुन्या लुगड्याचं. पण बसलं की तिची कंबर धरायची. चौथ्या दिवशी आबांनी तिच्या हातून सुई घेतली आणि ओट्यावर उजेडात जाऊन बसले. मोठाल्या मिशा, नाकावर चष्मा आणि मांडीवर फुलाफुलांचं लुगडं… मला हसू आवरेना.

तेवढ्यात कोपऱ्यावरून हनमंतकाका येताना दिसले. आबांच्याच गाडीचे कंडक्टर. आईने आतून हाक दिली, "आहो, ते आत टाका जल्दी! गाडीवर समदे हसतील तुमाला."

आबांनी घाईने दुपटं मांडीखाली सारलं… सुईसकट! पुढच्याच क्षणी असे ओरडले की शेजारची म्हैस दावं तोडायला लागली.

हनमंतकाकांनी वाकून दुपट्याचं टोक ओढलं. उलटंपालटं करून बघत राहिले. आबांचे कान लाल झाले होते. पण मान वर करून म्हणाले, "मीच शिवून राह्यलो. हस मंग, हसायचं तर."

काका हसले नाहीत. चपला काढून ओट्यावर बसले. "टाके लांब पडून राह्यले, उस्ताद. बाळाचं बोट अडकंल यात." त्यांनी सुई घेतली आणि भराभर बारीक टाके घालायला लागले. आबा बघतच राहिले.

"तुला कसं येतं रे?"

"पोरींची माय गेली तवापासून मीच शिवतो. परकर, झबली, समदं. कुनाला सांगायचं? कोनी इचारलंच न्हाई."

पाच वर्षं दोघं एकाच गाडीत… चहासुद्धा एकाच बशीतून प्यायचे. आबा उठून आत गेले, कालचं उरलेलं सालन आणि भाकरी असं ताट वाढून आणलं आणि काकांपुढे ठेवलं. मग त्यांच्या शेजारी मांडी घालून म्हणाले, "जेव आधी. मंग शिकीव मला बराबर."

ती सगळी दुपार दोघं खाकीवाले रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या देखत शिवत बसले होते. एक-दोघं थांबले, हसले… आबांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. आई दारात टेकून कधी हसत होती, कधी पदराने डोळे पुसत होती.

पुढच्या रविवारी हनमंतकाकांच्या दोन्ही मुली आमच्याकडे जेवायला आल्या, आणि मग दर रविवारीच येत राहिल्या. मला मोठ्या बहिणी नव्हत्या… त्या अशा मिळाल्या. त्यांतली धाकटी परवाच फोनवर तासभर बोलली. रस्ता वाहून गेला म्हणून इतकं काही मिळालेली माणसं फार थोडी असतील!