टिकांडूचा लागलेला नंबर

लाए शहराच्या बाजारात टिकांडू मला पहिल्यांदा भेटला तेव्हा आधी त्याचं खदाखदा हसणं आलं, मग सुपारीची लाल पिचकारी, मग कुबडी, आणि बऱ्याच उशिरानं तो स्वतः. त्या हसण्यानं बाजारातली कुत्री वस्ती सोडून कायमची डोंगरात राहायला गेली.

त्याचा डावा पाय काडीसारखा. तान्हेपणी पोलिओचे थेंब घेतले आणि पाय लुळा पडला. थेंबांतला विषाणू जिवंत, पण अशक्त; लाखो मुलांत एखाद्यावरच उलटतो. त्यानं नेमका टिकांडू निवडला. दुसरा असता तर थेंबांना जन्मभर शिव्या देत बसला असता. हा थेंब पाजणाऱ्यांबरोबरच हिंडायचा. मी औषधाचा गार डबा वाहायचो, तो तोंड चालवायचा.

"अगं ताई, बघ हा पाय. ही सोडत आहे, आणि नंबर माझा लागून गेला! आता तुझ्या पोराला कशाला लागतोय?"

डार्टच्या खेळावर रोज पैजा लावणाऱ्या वस्तीला हे चटकन पटायचं. नर्स डामारिस चिडायची. "दादा, प्रत्येक पोराची सोडत वेगळी. थापा नका मारू!"

"पाजतायत ना? मग झालं तर!"

पुढे टिकांडूला मुलगी झाली, केझिया. ती चार महिन्यांची असताना वस्तीतली अवारे आजी तीन नातवंडं घेऊन रांगेत सगळ्यांत पुढे उभी राहिली.

"आधी तुझी पोर, टिकांडू."

टिकांडूचं सुपारी चघळणं थांबलं. हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

"डामारिस," तो हळूच म्हणाला, "माझा लागलाय म्हणजे हिचा नाही ना लागणार?"

"तसं नसतं, दादा. धोका अगदी थोडा आहे. मागच्या महिन्यात हिला पोलिओची सुई टोचलीय, त्यानं आणखी कमी झालाय. पण शून्य नाही म्हणणार मी. आणि पाजलं नाही, तर खरा पोलिओ वाट बघतोच आहे."

टिकांडू रांगेकडे वळला. "ऐका गं. मी थापा मारत होतो. नंबर कुणाचाही लागू शकतो, हिचाही. पण नाही पाजलं, तर जास्त पोरांचा लागेल."

मग त्यानं स्वतःच तिचे गाल दाबून तोंड उघडलं. केझियानं थेंब त्याच्या शर्टावर थुंकले.

"पिचकारी बापाचीच!" आजी म्हणाली. डामारिसनं पुन्हा पाजले. मग आजीनं नातवंडं पुढे केली.

केझियाला काही झालं नाही. आता ती नऊ वर्षांची आहे. सुपारी आणायला पाठवलं, की पाय दुखतात म्हणते.