रुजलीच नाही

डायलिसिस विभागात तिला सगळे नुसतं बाई म्हणत. एकोणीस वर्षं तिनं पेशंटच्या हातात जाड सुया टोचल्या, पण हात इतका हलका की बोलणाऱ्याच्या गप्पा तुटत नसत. जीभ मात्र विळ्यासारखी. कुणाची हयगय दिसली की भर विभागात सालटी काढायची.

पलीकडच्या शहरातल्या एका केंद्रात महिन्याभरात सात पेशंटना रक्तातून पसरणारी कावीळ झाली आणि इथं सगळ्यांचं धाबं दणाणलं. नियम ठरवायला समिती बसली, तीत बाईही होती.

"लस सक्तीचीच. पण टोचली म्हणजे झालं, असं नाही," तिनंच ठासून सांगितलं. "तीन डोसांनंतर रक्त तपासायचं. रक्तात ताकद आलेली दिसली, तरच मशीनला हात लावायचा. सबब कुणाचीही ऐकायची नाही."

धाकट्या टेक्निशियनचा दुसरा डोस हुकला. तिचं पोर तापानं फणफणलं होतं. बाईनं तिला पेशंटांदेखत विभागाबाहेर काढलं. पोरगी रडायला लागली, तेव्हा म्हणाली, "नियमाला लेकरं नसतात गं."

पुढं बाईचाच रिपोर्ट आला. शून्य. पुन्हा तीन डोस घेतले, पुन्हा शून्य.

"काहींच्या अंगात लस रुजतच नाही," डॉक्टर म्हणाले. "यात तुमचा दोष नाही, बाई."

"मग मी उद्या कामावर येऊ?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "नियम तुम्हीच केलाय."

तिला तळमजल्यावर, चादरी-टॉवेलांच्या खोलीत पाठवलं. आठवड्याभरात सगळीकडं झालं, बाईचं रक्त खराब निघालं. चहाच्या खोलीत तिचा कप वेगळा, खिडकीत. "अहो, मला रोग नाही! रोग आला तर अडवणारं अंगात काही नाही, एवढंच!" ती घसा फोडून सांगायची. लोक मान डोलवायचे आणि खुर्ची मागं सरकवायचे. घरी सून नातीला तिच्या मांडीवरून काहीतरी निमित्त करून उचलून न्यायला लागली. "ती जरा भित्रीच आहे, आई," मुलगा म्हणाला, पण त्याची नजर मोबाइलवरून हलली नाही.

एका दुपारी मास्तर जिना उतरून आले. अकरा वर्षं बाईच्याच सुईवर जगलेला माणूस. त्यांनी बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत हात काळानिळा.

"आज चार वेळा टोचलं. तुम्ही एकदा दाखवा ना त्यांना."

बाई तशीच वर धावली. दारात धाकटी टेक्निशियन उभी. डोस पुरे करून ती परतली होती, आता विभाग तिच्याकडं होता.

"आत यायचं नाही, बाई."

"मी हात लावत नाही गं. मास्तरांची नस तिरकी जाते, नुसतं तोंडानं सांगते."

"सबब कुणाचीही ऐकायची नाही ना?" धाकटी शांतपणे म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

मास्तरांची नस महिन्याभरात बंद पडली. मानेत नळी घातली, ती पिकली, आणि एका गुरुवारी ते गेले. बाईला हे कळलं ते लिफ्टवाल्याकडून, दोन दिवसांनी.

तिनं समितीला अर्ज लिहिला: मला सातवा डोस द्यावा. चौथ्या दिवशी उत्तर आलं. नियमात तशी तरतूद नाही. तसेच अर्जदारानं विभागाच्या मजल्यावर विनाकारण फिरू नये. खाली धाकटीची सही होती, समितीवरच्या बाईच्या जागेवरून केलेली.

बाईनं कागद वाचला. तेवढ्यात वरून फोन आला, बारा चादरी कमी पडल्यात. तिनं बारा मोजल्या आणि नेणाऱ्यासाठी दाराबाहेर ठेवल्या.