गुरुवारच्या सुट्टीचा माणूस

दादाची आणि माझी शेवटची भेट भांडणात गेली, आणि ते भांडण मी जिंकले. आयुष्यात पहिल्यांदाच. थेरगावच्या त्याच्या फ्लॅटमध्ये युरोपचा भलामोठा नकाशा फरशीवर पसरलेला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या, आणि गुडघे दुखतात म्हणून दादा चक्क पोटावर आडवा पडून आल्प्समधून बोट फिरवत होता. दादा, वहिनी आणि मी, अशी आम्ही तिघं मे महिन्यात तिकडे निघणार होतो. स्वित्झर्लंडमधून सुटून, बर्फाच्या डोंगरांतून वळणं घेत घेत इटलीत तिरानोला उतरणारी ती लाल रेल्वे, तिच्यासाठी हा सगळा खटाटोप. त्याने केलेलं वेळापत्रक मी चष्मा लावून वाचलं आणि मला हसू आवरेना. पठ्ठ्याने सगळी खरेदी रविवारी ठेवली होती आणि आराम गुरुवारी! "अरे दादा, रविवारी तिकडे दुकानं बंद असतात," मी म्हटलं. "बाजार रविवारी बंद? काहीतरीच काय सांगतेस!" तो ऐकेचना. शेवटी त्याच्या मुलाने, अमोलने, मोबाइलवर शोधून दाखवलं तेव्हा दादा उठून बसला. थोडा वेळ नकाशाकडे बघत राहिला आणि अगदी काळजीने म्हणाला, "म्हणजे तिकडं गुरुवारी सुट्टी नसतीच का गं, बेबी?" आम्ही पोट धरधरून हसलो. तोही हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्यानंतर तीन-चार दिवसांनीच सकाळी अमोलचा फोन आला... "आत्या, बाबा गेले." चहा घेता घेता, बसल्या जागी. वहिनी बिस्किटं आणायला आत गेली होती, तेवढ्यात.

भोसरी-पिंपरीच्या कंपन्यांत ज्यांनी उमर काढली त्यांना हा गुरुवार समजावून सांगायला नको. तिथल्या कारखान्यांना आठवड्याची सुट्टी गुरुवारी, म्हणून आमच्याकडे गुरुवार हाच रविवार. आमचे वडील कामगार होते, त्यांची सुट्टी गुरुवारी, त्यामुळे मटण गुरुवारी, केस कापणं गुरुवारी, पाहुणेसुद्धा गुरुवारीच यायचे. दादा टूलरूमला लागला, पुढे चाकणच्या कंपनीत प्लॅनिंगला गेला, पण गुरुवार काही त्याला सुटला नाही. आणि वहिनी होती महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. तिची सुट्टी रविवारी. म्हणजे बघा, लग्न झाल्यापासून निवृत्त होईपर्यंत या नवराबायकोची सुट्टी म्हणून कधी एका दिवशी आली नाही. गुरुवारी दादा घरात एकटा भाजी निवडत बसलेला, रविवारी वहिनी एकटी कपडे धुतेय. मी नर्स, माझी सुट्टी कधी असायची ते माझं मलाच ठाऊक नसायचं, तेव्हा मी कुणाला नावं ठेवावीत? वहिनी कुरकुर करणारी नव्हे. पण एकदा चपात्या लाटता लाटता म्हणाली होती, "बेबीताई, आमचा संसार दोन शिफ्टमध्ये चाललाय." हसत म्हणाली, पण मला ते लागलं. मशीन विकणाऱ्या कुठल्याशा परदेशी कंपनीचं कॅलेंडर दादा दरवर्षी घरी आणायचा. एका वर्षी त्यावर दगडी पुलावरून जाणारी लाल गाडी होती. वर्ष संपलं, वहिनीने तारखा कापून टाकल्या आणि चित्र ओट्याच्या वर तसंच ठेवलं. तेलाच्या वाफेने पिवळं पडलं तरी काढलं नाही. ती त्याबद्दल एक अक्षर कधी बोलली नाही, पण दादाने ते बरोब्बर हेरलं होतं.

वहिनी निवृत्त झाली आणि दादाने जाहीर केलं की आपण त्या गाडीत बसायचं. सहल कंपनीबरोबर नाही, आपलं आपण. आणि मग काय विचारता, घराचं पार चाकण झालं! कारखान्यात नवा पार्ट थेट लाइनवर घेत नाहीत, आधी ट्रायल होते, तशी या माणसाने आमची ट्रायल लावली. स्वित्झर्लंडमध्ये मधे गाडी बदलायची आहे, सामानासकट या फलाटावरून त्या फलाटावर जायचंय, तर त्याची सवय हवी म्हणून आम्हा दोघींना बॅगा घेऊन चिंचवड स्टेशनवर बोलावलं. गुरुवारीच, अर्थात! वजन खरं पाहिजे म्हणून बॅगांमध्ये गहू आणि तांदूळ. लोणावळा लोकलमध्ये शेजारच्या बाईने आपुलकीने विचारलं, "गावाला चाललात का?" तर दादा ताठ बसून म्हणतो, "नाही, ही स्वित्झर्लंडची तयारी." वहिनीने मान वळवून खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली ती कामशेतपर्यंत. लोणावळ्याला पुलाच्या पायऱ्या चढताना तिच्या बॅगेचं चाक निखळलं, गडगडत खाली गेलं. मी वैतागले. दादा मात्र खूश. "इथं तुटलं हे बरं झालं. ट्रायल कशासाठी असती मग?" असं म्हणत तो गव्हाची बॅग खांद्यावर मारून पूल चढून गेला. वर पोचल्यावर दम लागला होता त्याला, रेलिंगला टेकून उभा राहिला. मी नर्स असून मला वाटलं, वय झालंय, लागणारच... जाऊ दे.

खाण्यावरून तर महाभारत. वहिनीला सुकटीची चटणी न्यायचीच होती. दादा म्हणाला, "अगं, डबा उघडलास की वासानं गाडीचा आख्खा डबा रिकामा होईल, लोक चालत्या गाडीतून उतरतील." वहिनी म्हणाली, "मग आपल्याला खिडकी मिळेल." तिचं हे असं असतं, महिन्यातून एकदा बोलते आणि समोरच्याची विकेट काढते. दादा तिच्याकडे बघत राहिला. इतक्या वर्षांनी त्यांना एकमेकांबरोबर बसायला वेळ मिळाला होता, आणि दोघांनाही त्याची अजून सवय नव्हती, नव्या लग्नासारखं चाललं होतं. मला फार बरं वाटायचं ते बघून. म्हणूनच मला दादाचा राग येतो, अजून येतो. इतकं सगळं जुळवून आणलं आणि हा माणूस मधूनच उठून गेला!

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, वंदना झाली, कंपनीतले लोक भरभरून बोलले. जेवणं झाल्यावर दिघीच्या काकूंनी विषय काढला. "आता ते परदेशाचं रद्द करायचं ना? वर्षभर तरी कुठं जाऊ नये बाईमाणसानं." मी म्हटलं, "काकू, आपण बौद्ध माणसं सुतकबितक कधीपासून पाळायला लागलो?" "पाळायचं नाही गं, पण लोक काय म्हणतील? नवरा जाऊन महिना नाही आणि ही निघाली बर्फ बघायला." वहिनी पानं उचलत होती. तशीच उचलत राहिली. पुढेही तिने तो विषय कधी काढला नाही. मी दर दोन दिवसांनी सांगवीहून जायचे, चहा व्हायचा, इकडचं तिकडचं व्हायचं, आणि तो विषय आमच्या दोघींमध्ये बसून राहायचा. जाऊया म्हणावं तर मलाच फिरायची हौस आलीय असं दिसणार. खरं सांगू? मला जायचंच होतं. दादाने दाखवलेलं सगळं बघायचं होतं. पण त्याहून मला भीती वाटत होती की वहिनी आता कायमची त्या ओट्यापाशीच उभी राहणार, सगळे दिवस सुट्टीचे आणि सुट्टीत बरोबर कुणीच नाही.

परवा संध्याकाळी अमोल म्हणाला, "आई, निर्णय घ्यायला हवा. मी रद्दच करतो, तू नको त्रास करून घेऊस." वहिनी आत कुकर लावत होती, तिथून "हूं" एवढंच आलं. ते हो होतं की नाही, कुणास ठाऊक. अमोलने डांगे चौकातल्या तिकिटवाल्याला फोन लावला, स्पीकर चालू ठेवला. "तिन्ही रद्द करायची ना, सर?" पलीकडून विचारलं. आणि वहिनी पदराला हात पुसत बाहेर आली, अमोलच्या हातातून फोन घेतला.

"एकच करा," ती म्हणाली.

पलीकडचा माणूस चाचरला. "मॅडम, तुमच्या सीट समोरासमोर आहेत. तिसऱ्या जागेवर दुसरं कुणीतरी येऊन बसेल... चालेल ना तुम्हाला?"

वहिनीने मान वळवून आत ओट्याकडे बघितलं, आणि मला वाटलं, संपलं, आता ही नाही म्हणणार. "बसू दे," ती म्हणाली. "बसू दे कुणीतरी." फोन खाली ठेवला आणि तिथेच खुर्चीत बसून रडली, दादा गेल्यापासून पहिल्यांदा अशी मोकळी रडली. मी पाणी आणून दिलं. पदराने तोंड पुसत म्हणाली, "रोज या वेळेला कुकर लावला की हे माझ्याकडून म्हणून घ्यायचे. कुठला पूल आधी, कुठला बोगदा मग, डोंगर कुठल्या हाताला. सगळं तोंडपाठ झालंय, बेबीताई. आता कुणाला तरी सांगावं तर लागेल ना?"

"तिसऱ्या जागेवर गोरा माणूस असेल, वहिनी," मी रडत-हसत म्हटलं. "त्याला कशात सांगणार?"

"मराठीत," ती म्हणाली, आणि शिट्ट्या झाल्या म्हणून गॅस बंद करायला आत गेली.