आमच्या कुस्तीच्या ग्रुपचे ॲडमिन

आमच्या ॲडमिनइतका निकालाला पक्का माणूस सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत दुसरा नाही, आणि हे मी त्यांच्याशी चार महिने खोटं बोलून झाल्यावर सांगतो आहे, तेव्हा त्यात तथ्य असणार. ॲडमिन म्हणजे मोबाइलवरच्या आमच्या कुस्तीशौकिनांच्या ग्रुपचे ॲडमिन. आईवडिलांनी ठेवलेलं एक चांगलं नाव त्यांना आहे, पण ते आता फक्त लाइट बिलावर येतं. कोरेगावात त्यांचं घर विचारलं तर पोस्टमनसुद्धा "ॲडमिनचं व्हय?" म्हणून बोट दाखवतो. ग्रुपचं नाव 'निकाली'. त्यात मेढ्याचे एक दूधवाले आहेत, कराडचे एक वकील आहेत, मिरजेचे सतारी बनवणारे आहेत, तासगावच्या निवृत्त खेळशिक्षिका आहेत, सीमेवर ड्यूटीला असलेला एक जवान आहे, आणि सांगलीत चष्म्याचं दुकान चालवणारा मी आहे. आमच्यातल्या निम्म्यांनी उभ्या आयुष्यात लंगोट बांधलेला नाही. तरी कुठल्या पैलवानाने कुठला डाव मारायला हवा होता हे आम्ही रोज सकाळी चहाच्या आधी एकमेकांना सांगत असतो.

ॲडमिनची सगळी नोकरी कोयनानगरला वीजघरात गेली. दर तासाला मीटर वाचायचा आणि रजिस्टरात वेळ घालून लिहायचं. साहेब निवृत्त झाले, हात झाला नाही. जत्रांचा हंगाम लागला की ते गावोगावच्या मैदानांना जातात, पहिल्या रांगेत मांडी घालतात आणि तिथून ग्रुपवर नोंदी टाकतात. व्हिडिओ काढणं त्यांना मान्य नाही. पाटणकडच्या एका मैदानातल्या त्यांच्या नोंदी मी अजून जपून ठेवल्या आहेत: "३.१०. मैदान सुरू. हलगी चांगली. ३.२५. घिस्सा, निकाल. ३.४०. पाहुण्यांचे भाषण. ३.५५. भाषण चालू. ४.१०. भाषण चालू. ४.१२. जमीन हलली. भाषण थांबले. ४.१५. कुस्ती सुरू." भूकंपाबद्दल याहून जास्त लिहायची त्यांना गरज वाटली नाही. आमचा जवान म्हणतो, त्याच्या चौकीवर व्हिडिओ उघडण्याइतकी रेंज कधीच नसते, ॲडमिनच्या नोंदी उघडण्याइतकी असते, आणि त्या वाचताना त्याला हलगी ऐकू येते.

ग्रुपवर फुलांचे फोटो, राजकारण आणि वाढदिवसाचे केक यांना बंदी आहे. भांडणाला नाही. भांडण झालं की ॲडमिन मैदानात लावतात तशी जोड लावतात. दोघांनी आळीपाळीने दहा-दहा वाक्यं लिहायची, बाकीच्यांनी गप्प बसायचं, आणि मग ॲडमिन निकाल देणार: चितपट, गुणावर, किंवा बरोबरीत. निकाल लागला की दोघांनी महिन्याच्या आत प्रत्यक्ष भेटून हात मिळवायचे आणि तो फोटो ग्रुपवर टाकायचा. एका कुस्तीचा शेवट ढाक या डावावर झाला की टांग या डावावर, यावरून माझं सांगलीच्याच एका हळदीच्या व्यापाऱ्याशी बारा दिवस वाजलं होतं. शेठ जैन आहेत, सूर्य मावळायच्या आत जेवतात, त्यामुळे मुद्दा कितीही तापलेला असला तरी संध्याकाळी "उरलेलं उद्या" असं लिहून ते ताटावर बसायचे आणि मी हात चोळत राहायचो. शेवटी ॲडमिननी जोड लावली, दुपारची वेळ मुद्दाम शेठना सोयीची म्हणून धरली, आणि मला गुणावर पाडलं. हात मिळवायला शेठ दुकानात आले तेव्हा कळलं की गेली नऊ वर्षं त्यांच्या नाकावरचा चष्मा माझ्याच दुकानातला आहे. तेव्हापासून आमची गट्टी जमली.

हे सगळं असं छान चाललेलं असताना ॲडमिनच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मला ते सगळ्यात आधी कळायला हवं होतं, कारण माझा धंदाच तो. त्यांनी मोबाइलवरची अक्षरं इतकी मोठी केली होती की एका पडद्यावर चार शब्द मावायचे, आणि माझा लांबलचक मेसेज वाचायला त्यांना पाव तास लागायचा. मी मात्र समजत होतो की माझं लेखन ते चवीने वाचतात. ऑपरेशनचं कुणी काढलं तर ते म्हणायचे, "हंगाम संपू द्या." हंगाम संपला की म्हणायचे, "आता पुढचा आला की तोंडावर."

मग गेल्या हंगामात कोरेगावजवळच्या एका मैदानात ती मोठी कुस्ती झाली. एकाचा लंगोट काळा, दुसऱ्याचा निळा. पिकत आलेल्या मोतीबिंदूला निळं आणि काळं वेगळं दिसत नाही. ॲडमिननी लिहिलं, "५.४०. निकाल. निळा लंगोट विजयी. एकेरी पट." इकडे आम्ही बहुतेक सगळे ती कुस्ती मोबाइलवर थेट बघत होतो आणि जिंकला होता काळा. ग्रुपवर तीन मिनिटं शुकशुकाट झाला. एरवी कुणी वेलांटी चुकवली तरी तुटून पडणारी ही माणसं. चौथ्या मिनिटाला तासगावच्या बाईंनी, ज्यांनी आयुष्यात एकाही पोराला फुकटचा गुण दिला नव्हता, लिहिलं, "निळ्याने काय सुंदर पट काढला." त्यापाठोपाठ शेठ, दूधवाले, वकील, सगळे. मीही निळ्याचं अभिनंदन केलं. कुणी ठरवलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत उघडं कसं पाडायचं, एवढंच प्रत्येकाच्या मनात आलं असणार.

एकदा हे केल्यावर थांबता येईना. जवानाला खरे निकाल तर कळले पाहिजेत, म्हणून आम्ही ॲडमिनना वगळून दुसरा ग्रुप काढला. त्याचं नाव वकिलांनी ठेवलं 'निकाली (खरं)'. पहिल्या ग्रुपवर ॲडमिनच्या निकालाला वाहवा द्यायची आणि दुसऱ्यावर खरा निकाल टाकायचा, असा दुहेरी कारभार सुरू झाला. दुसऱ्या ग्रुपवर कुस्तीपेक्षा ॲडमिनना कळू कसं द्यायचं नाही याचीच चर्चा जास्त. दूधवाले तर खोटं बोलायचं ओझं होऊन दोनदा आजारी पडले. आणि चार महिन्यांनी, एका टळटळीत दुपारी, दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकाचं माप घेता घेता मी पहिल्या ग्रुपवर लिहून बसलो, "ॲडमिनना आजही उलटं दिसलं. खरा विजयी पिवळा."

चूक लक्षात येताच मी मेसेज पुसला. चार-चार शब्द वाचणाऱ्या माणसापर्यंत तो पोचला नसेल अशी मला आशा होती. दहा मिनिटांनी ॲडमिनची नोंद आली. "२.५२. नोंद घेतली." आणि खाली बारीक अक्षरांत, ते ग्रुपमधून बाहेर पडल्याचं. ॲडमिन गेले की मोबाइल आपण होऊन कुणाला तरी ॲडमिन करतो. त्याने नेमकं मला केलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

फोन ते उचलत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ, तासगावच्या बाई आणि मी असे तिघे कोरेगावला गेलो. ॲडमिन ओट्यावर बसले होते. आमचे आवाज ऐकून त्यांनी आत चहा सांगितला, कारण राग वेगळा आणि चहा वेगळा.

"चष्मेवाले," ते म्हणाले, "काल मी मैदानवाल्यास्नी समदं इचारून घेतलं. मी काळ्याचा इजय निळ्याच्या नावावर लिवला. त्या पोरानं वरीसभर घाम गाळला आसंल. आन तुमी टाळ्या वाजवल्या. मला दिसत न्हाई ह्याचं काय न्हाई वो. पर निकाल खोटा कवा द्यायचा नसतो."

मग बाई म्हणाल्या, "चुकलं आमचं. पण भांडण झालं की जोड लावायची हा तुमचाच नियम आहे ना? मग लावा. तुम्ही आणि चष्मेवाले. विषय, ऑपरेशन करायचं का नाही. तुम्ही हरलात तर करायचं. निकाल शेठ देतील."

जोडीला नाही म्हणणं ॲडमिनच्या रक्तात नाही. त्यांनी मांडी सावरली. मी मनातून खूश होतो, कारण विषय माझ्या धंद्याचा आणि पंच माझ्या गोटातला.

"ऑपरेशन आता अगदी सोपं झालंय," मी सुरुवात केली.

"तुमास्नी. डोळा माझा हाय."

"अहो, हजारो लोक करून घेतात. सगळ्यांना नक्की दिसायला लागतं."

"आमच्या आईला डॉक्टर हेच म्हणालं हुतं. नक्की दिसंल. तिचा डोळा गेला. आता मला धूसर का हुईना, दिसतंय. तेबी गेलं तर मी मैदानात जाऊन कान लावून बसू व्हय?"

माझी सात वाक्यं शिल्लक होती. एकही सुचलं नाही. इतकी वर्षं 'हंगाम संपू द्या' म्हणणाऱ्या माणसाला नुसती भीती वाटत होती, आणि आमच्यातल्या एकानेही कधी विचारलं नव्हतं. मी शेठकडे बघितलं. डोळ्यांनी खुणावलंसुद्धा, की द्या काहीतरी आपल्या बाजूने. शेठनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"चष्मेवाले चितपट," ते म्हणाले.

मला त्यांचा असा राग आला की काय सांगावं. एका माणसाची नजर जायची वेळ आली आहे आणि यांना तत्त्व सुचतंय. बाईंनीही कपाळाला हात लावला. चहा आला, ॲडमिननी बशी चाचपून घेतली आणि मग शेठच्या आवाजाच्या रोखाने बघत म्हणाले, "शेठ, तुमी तुमच्याच माणसाला पाडलं की."

"तो पडला. मी फक्त सांगितलं."

"हां." ॲडमिननी चहा संपवला. "चार महिन्यांत पयल्यांदा कुणीतरी मला खरा निकाल सांगितला. चष्मेवाले, आता तुमीबी सांगा. माझ्या डोळ्यांचं काय हाय? सरळ सांगा."

मग मी सरळ सांगितलं. उजवा पुरता पिकला आहे, डावा त्याच्या मागोमाग आहे, थांबलात तर वर्षभरात मैदान दिसायचं बंद होईल. ऑपरेशन केलं तर बहुतेक चांगलं दिसेल. नक्की असं मी म्हणत नाही, कुणी म्हणूही नये.

"बहुतेक," ते म्हणाले. तो शब्द त्यांनी दोनदा म्हणून बघितला. "आईला नक्की म्हणालं हुतं. तुमी बहुतेक म्हणालासा. कवा यायचं सांगलीला?"

जोड जिंकलेला माणूस हरल्यावर करायची गोष्ट करायला तयार झाला, असं आमच्या ग्रुपच्या इतिहासात एकदाच घडलं. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनी केलं. मुक्काम शेठच्या घरी होता, त्यामुळे ॲडमिनही सूर्य मावळायच्या आत जेवत होते आणि तक्रार करत नव्हते. 'निकाली (खरं)' आम्ही बंद केला. पहिल्या ग्रुपमध्ये मी त्यांना परत घेतलं, पण ॲडमिनपद ते घेईनात. चुकलेले सगळे निकाल त्यांनी शेठकडून वाचून घेतले आणि एकेक दुरुस्त नोंद टाकली, पैलवानाचं नाव घालून. आज कुणी मला ॲडमिन म्हटलं तर मीच कोरेगावकडे बोट दाखवतो.

महिनाभर धुळीत जायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते दिवस त्यांनी कसे काढले ते शेठच जाणोत. मुदत संपल्यावर मेढ्याकडच्या एका मैदानाला ॲडमिन आणि मी असे दोघं गेलो. ग्रुपवर सकाळपासून उत्सुकता होती. जवानाने कळवलं होतं की आज त्याला सुट्टी आहे आणि तो नोंदींची वाट बघणार आहे. ॲडमिन पहिल्या रांगेत बसले. मी दिलेला काळा चष्मा त्यांनी लावला होता. पहिली कुस्ती लागली, सुटली. दुसरी लागली. माझ्या खिशातला मोबाइल सारखा थरथरत होता. मैदान सुरू झालं का, हलगी कशी आहे, कोण जिंकलं, नोंद का नाही. ॲडमिनचा मोबाइल त्यांच्या सदऱ्याच्या खिशात तसाच पडून होता.

मोठी कुस्ती लागली तेव्हा त्यांनी काळा चष्मा काढला. मी अडवायला हात पुढे केला आणि मागे घेतला. ते पैलवानांकडे बघत होते, अगदी थोडेसे पुढे वाकून. त्यांना मी इतकी वर्षं ओळखतो, पण असं बघताना कधी पाहिलं नव्हतं, कारण एरवी त्यांचं अर्धं लक्ष घड्याळावर असायचं.

"आवं, त्याच्या पाठीला चिकटल्याली माती दिसतीया," ते म्हणाले. मला म्हणाले की स्वतःला, कळलं नाही.

"ॲडमिन, नोंद," मी हळूच आठवण केली. "ग्रुप खोळंबलाय."

"बगू द्या की जरा," ते म्हणाले.

मला वाईट वाटलं, नाही असं नाही. त्या नोंदींवर आम्ही सगळे इतकी वर्षं जगलो होतो, आणि त्या दिवशी मला समजलं की तशा नोंदी आता फारशा यायच्या नाहीत. पण त्यांचा चेहरा बघून मला त्यांना दुसऱ्यांदा टोकवलं नाही. मी माझा मोबाइल काढला, घड्याळ बघितलं, आणि त्यांच्यासारखं जमेल तसं लिहिलं: "४.३५. कुस्ती चालू आहे. ॲडमिन बघत आहेत."